मुरबाडची शिवारफेरी आणि रानभाजीचं जेवण: जाण्याआधी हे वाचा

सरळ सांगते, जावं. पावसाळा लागला की आजकाल रिसॉर्टवाले, ट्रेकवाले, वॉकवाले सगळेच रानभाजीच्या नावानं काही ना काही विकायला काढतात आणि बऱ्याच ठिकाणी थाळीपलीकडे हाताला काही लागत नाही, पण मुरबाड तालुक्यात माळशेज घाटाच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर ठाकर आणि महादेव कोळी बायकांचा बचत गट जी शिवारफेरी काढतो ती वेगळी आहे, आणि का वेगळी आहे तेच सविस्तर लिहायचंय. माणशी सहाशे रुपये, सकाळी नऊ ते दुपारी चार, त्यात चहा, फेरी आणि जेवण. पाड्याचं नाव टाकत नाही कारण बायकांनीच तशी विनंती केली, लोक गाड्या काढून येतात आणि न विचारता बांधावरचं उपटून नेतात. कोणाला जायचं असेल तर पावसाळ्यात मुरबाड एसटी स्टँडच्या आसपास भाजीचे वाटे लावून ज्या मावश्या बसतात त्यांना विचारा, त्यांच्यात गटातल्या असतात, नंबर देतात.

आम्ही आर्द्रा नक्षत्रात, म्हणजे जूनअखेरीला गेलो होतो, राबातली (भाजलेल्या वाफ्यातली) भाताची रोपं वीतभर झालेली. कल्याणहून मुरबाडला एसटी भरपूर आहेत, पुढे टोकावड्याच्या दिशेनं शेअर जीप मिळते, शेवटचा रस्ता चिखलाचा आहे.

फेरी सुरू झाली ती भातखाचरात. रानभाजी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे घनदाट जंगल येतं, पण गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी आम्हाला घेऊन पहिल्यांदा थांबल्या त्या बांधावरच्या एका ऐनाच्या झाडाखाली, आणि तिथून बराच वेळ हलल्याच नाहीत. पान उलटं करून देठाजवळच्या दोन बारीक गाठी दाखवल्या, ऐन ओळखायची ही खूण. मग सांगितलं की उन्हाळ्यात ह्याच झाडाची कवळतोड, म्हणजे फांद्यांची छाटणी करायची, फांद्या वाळवायच्या, खाचराच्या एका तुकड्यावर शेण, ह्या फांद्या, पालापाचोळा, वर थोडी माती असे थर देऊन जाळायचं, तो राब. जमिनीतलं तणाचं बी जळून जातं, राख खत होते आणि पाऊस आला की त्याच जागेत भाताचं बी टाकायचं. म्हणजे ऐन बांधावर उगाच उभा नाहीये, भातासाठी ठेवलाय, आणि दरवर्षी फांद्या उतरवल्यामुळे त्याची सावली पिकावर दाट पडत नाही, पण बुंध्याजवळ पाला साठतो, ओल टिकते, आणि त्या ओलीत शेवळं येतात. आजी एवढंच म्हणाल्या, "बांध राखला तर भाजी राखली." मला वाटतं सहाशे रुपये ह्या एका वाक्यातच वसूल झाले, कारण एवढी वर्षं मी रानभाज्यांबद्दल जे काय वाचत आलेय त्यात भाजीचं नाव, फोटो, गुणधर्म, रेसिपी सगळं असतं, पण ती भाजी तिथेच का उगवते आणि तिथे ती उगवत राहावी म्हणून कोण काय करतं हे कुठेच नसतं.

शेवळांवर जरा थांबते, कारण तो भाग सगळ्यात चांगला झाला. जमिनीतून जांभळट-तपकिरी टोकदार कोंब वर आलेले होते, पान वगैरे काही नाही. शेवळाचं असंच असतं, पहिल्या पावसात आधी फूल येतं आणि पान नंतर, आणि त्याच झाडाचं कोवळं पान पुढे लोत म्हणून भाजीला वापरतात. सुरणाच्या घराण्यातलं झाड, त्यामुळे अंगात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक कण्या असतात आणि नीट न शिजवता खाल्लं तर घसा असा काही धरतो की पाणी प्यायलं तरी उतरत नाही. आता हे सगळं पुस्तकात मिळतं. पण आजींच्या सूनबाईंनी तिथल्या तिथे एक शेवळ उकललं, बाहेरचं आवरण काढलं, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग नखानं खरवडून काढला, तो हातात धरून आम्हाला दाखवला आणि बांधाखाली टाकला, हा भाग भाजीत गेला की खाज हमखास. बाकीचं बारीक चिरायचं, तेलात चांगलं परतायचं आणि त्यात काकडाचा रस घालायचा. काकड म्हणजे सॅलडवाली काकडी नव्हे बरं का, काकड नावाचं झाड असतं, त्याची हिरवी आंबट फळं, बोराएवढी, झुपक्यानं लागतात. आंबटपणानं खाज मरते.

आणि इथे आजींनी मान वर करायला लावली. खाली शेवळं आणि वरच्या उतारावर काकडाचं झाड, फळं धरलेली. दोन्ही एकाच वेळी तयार होतात. बाजारातसुद्धा शेवळांच्या जुडीबरोबर मावश्या मूठभर काकडं देतात ती ह्याचसाठी. मी विचारलं काकड नाही मिळालं तर? तर सूनबाई म्हणाल्या चिंच चालते, आमसूल चालतं, पण मग चिंच जास्त घालावी लागते आणि भाजीला शेवळाची चव राहत नाही. ज्यानं कोणी पहिल्यांदा ह्या दोन झाडांची जोडी जमवली असेल त्याच्या आधी किती जणांचे घसे धरले असतील कल्पना करा. अशी माहिती एका माणसाच्या डोक्यातून निघत नाही, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना सांगत, चाखत, चुकत जमा झालेली असते. बांधावरचं काकड तोडलं तर शेवळं राहतील पण जोडी मोडेल.

त्यानंतर टाकळा. टाकळा सगळ्यांना माहीत आहे असं आपण समजतो, रस्त्याच्या कडेला, पडीक जागेवर, कुठेही उगवतो, पण तिथेही आजींनी दोन रोपं शेजारी शेजारी धरली. टाकळ्याच्या एका देठावर छोट्या पानांच्या तीन जोड्या, टोकाला गोलसर आणि रुंद. दुसरं होतं कासविंदा, त्याची पानं टोकदार आणि जोड्या जास्त. दोन्ही एकाच कुळातली, कोवळी असताना पटकन बघितलं तर सारखीच वाटतात. कासविंद्याच्या बिया पोटात गेल्यानं पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावल्याचं डॉक्टरांनी शोधून काढलंय, हे मला आधीच माहीत होतं म्हणून मी जरा जास्तच कान देऊन ऐकत होते. आजींना तो अभ्यास माहीत असायचं कारण नाही, पण त्यांनी पोरांना कासविंद्याच्या शेंगा खेळायला देऊ नका असं आपणहून सांगितलं.

पुढे एका कुंपणापाशी कळलावीचा कोंब होता, अजून फूल नव्हतं, पण पानाचं टोक दोरीसारखं बारीक होऊन वळलेलं आणि शेजारच्या काटकीला धरलेलं. फूल आल्यावर कळलावी कोणीही ओळखेल, लाल-पिवळ्या ज्वाळा, पण भाजी खुडायच्या दिवसात तिला फूल नसतं, म्हणून हे वळलेलं टोक लक्षात ठेवायचं आणि हात लावायचा नाही, कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं, जीव जाऊ शकतो. आमच्यातल्या एकीनं विचारलं की ही बाळंतपणात वापरायचे ना पूर्वी, कशी वापरायचे? आजींनी सरळ सांगितलं, "ते सुईणीचं काम, सगळ्यांना सांगायचं नसतं." आणि पुढे चालायला लागल्या. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला त्या क्षणी. ज्याची मात्रा चुकली तर माणूस मरतो ती गोष्ट सहाशे रुपयांच्या फेरीत सांगायची नाही, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

मग उतारावरच्या गवतात फोडशी. काही जण कुलू म्हणतात. दिसायला गवतासारखीच, पण पान मऊ आणि बुडाशी पांढरं. ही सफेद मुसळीच्याच घराण्यातली, खाली जाडसर मुळं असतात, आणि त्या मुळांना औषधाच्या बाजारात भाव आहे. आजींचा नियम असा की फोडशी विळ्यानं वरून कापायची, उपटायची नाही. त्यांनी एक रोप बोटानं माती बाजूला सारून मुळापर्यंत दाखवलं आणि माती परत लोटून दाबली. पान खाल्लं तर पुढच्या आषाढात पुन्हा येतं, मूळ काढलं तर उतार उघडा पडतो. भारंगीचंही तसंच. भारंगीचं पान कडू, उकडून पाणी टाकून पिळून मग फोडणीला द्यायचं, आणि तिचं मूळ खोकल्या-दम्याच्या औषधात जातं. म्हणजे एकाच झाडाचा वरचा भाग स्वयंपाकघरात आणि खालचा भाग औषधाच्या पोत्यात. घरी लागणारं मूळ किती, तर बोटभर. व्यापाऱ्याला लागतं पोतं. मूळ काढणारे बाहेरचे लोक येतात आणि वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवरून एका दिवसात सगळी भारंगी खणून नेतात असं आजींच्या सूनबाईंनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो असायलाच पाहिजे.

कुड्याचं झाड पण छान समजावलं. पांढऱ्या कुड्याच्या लांब बारीक शेंगा जोडीनं लटकतात आणि मोकळ्या असतात, काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात. पांढऱ्या कुड्याची साल हगवणीवर जुनं औषध, त्याच्या फुलांची भाजी करतात. साल काढायची तर खोडाच्या एकाच बाजूनं, चहूबाजूंनी काढली की झाड वाळतं. त्या झाडावर जुनी भरून आलेली खूण होती, आजींनी तिच्यावरून हात फिरवून सांगितलं की ही त्यांच्या सासूबाईंनी काढलेली साल. मुरुडशेंगेच्या मागच्या वर्षीच्या वाळक्या, पिळवटलेल्या शेंगा काटक्यांवर होत्याच, त्या बाळाच्या पोटदुखीवर उगाळून देतात हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पण इथे मी माझं मत नोंदवते, सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये असं डॉक्टर सांगतात आणि ते ऐकावं. फेरीत हे कोणीतरी बोलायला हवं होतं, आमच्यात एक गरोदर मुलगी होती आणि ती सगळं लिहून घेत होती.

आता जो भाग ऐकून मी खरंच अस्वस्थ झाले तो. वरच्या वरकस तुकड्यांवर पूर्वी नाचणी-वरई असायची, त्यात कुर्डू आपोआप यायची. निंदणी करताना बायका कुर्डू वेगळी काढायच्या, बाकीचं तण बांधावर आणि कुर्डू टोपलीत. शेताला निंदणी झाली आणि घराला भाजी झाली. आता मजूर मिळत नाही म्हणून बरेच जण तणनाशक मारतात, तर कुर्डू पण गेली आणि बांधावरचं पण जळतं. एका खाचराच्या बांधावर तो पिवळा पडलेला पट्टा आम्ही बघितला, आणि त्याच बांधाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे फवारा पोचला नव्हता, तिथे कवळा, टाकळा, कुर्डू सगळं हिरवं. दोन टोकांत अंतर किती, तर चार पावलं. हे कुठल्याही भाषणापेक्षा जास्त समजलं मला. दुसरं म्हणजे प्लॉटिंग. मुरबाडकडे गेलेल्या कोणालाही रस्त्यावरचे बोर्ड आठवत असतील, फार्महाऊस प्लॉट अमुक लाखांत. प्लॉट पडला की जेसीबीनं पहिला बांध सपाट होतो. ऐन, मोह, हिरडा, आंबा, जांभूळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत, म्हणजे स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, पण काकड, कुडा, भोकर असल्या झाडांना विचारतो कोण, आणि झुडपांना तर कोणीच नाही. भारतानं २०१४ साली राष्ट्रीय कृषिवानिकी (शेतीबरोबरच झाडं) धोरण आणलं, असं धोरण आणणारा जगातला पहिला देश आपला, त्याचं कौतुक आहेच, पण कृषिवानिकी म्हटलं की साग, बांबू, निलगिरी लावायची चर्चा होते आणि ह्या बायका जे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या ते कोणाच्या कागदावर कृषिवानिकी म्हणून येत नाही. खरं तर भात, बांधावर झाड, झाडाखाली कंद, कुंपणाला अडुळसा-निर्गुडी, वरच्या उतारावर नाचणी आणि गवत, ह्यापेक्षा वेगळी कृषिवानिकी असते तरी काय.

अडुळशावरून आठवलं, कुंपणाला अडुळसा का, तर जनावरं त्याला तोंड लावत नाहीत. आणि खोकल्याला पान घरच्या घरी मिळतं. एका झुडपात दोन कामं. सगळ्या पाड्यात हेच दिसत होतं, कोणतीच गोष्ट एका कामासाठी लावलेली नाही.

औषधी वनस्पतींच्या बाबतीत गटाचा नियम असा की नाव सांगतील, ओळख सांगतील, काय राखायचं ते सांगतील, पण मात्रा सांगणार नाहीत आणि त्या भागाचं व्हिडिओ शूटिंग करू देणार नाहीत. आमच्या ग्रुपमधल्या दोघांना हे पटलं नाही, पैसे दिलेत तर रेकॉर्ड का नाही करायचं वगैरे. माझ्या मते नियम शंभर टक्के बरोबर आहे. हळदीनं जखम भरते ह्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं होतं, आपल्या सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ पुढे करून लढा दिला तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. हळदीचं ग्रंथात लिहिलेलं होतं म्हणून जमलं. आजींच्या डोक्यातलं कुठल्याच ग्रंथात नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आलीय, ह्यांच्या ग्रामपंचायतीतही आहे, पण गटातल्या ताई म्हणाल्या की त्यात झाडांची नावं लिहिलीत, शेवळाबरोबर काकड लागतं हे लिहिलेलं नाही. मला वाटतं गटानं स्वतःची वही ठेवावी, स्वतःच्या घरात, आणि कोणाला दाखवायची ते स्वतः ठरवावं. मी तसं बोलले, त्यांच्यातली एक बारावी झालेली मुलगी लिहायला तयार पण झाली.

जेवण. आधीच सांगते, हॉटेलसारखं मांडलेलं काही नाही, ओसरीवर पंगत, पळसाच्या पत्रावळी. तांदळाची भाकरी, शेवळांची काकड घातलेली भाजी, कांदा-मिरची-लसणीवर परतलेला टाकळा, भारंगी वालाच्या डाळिंब्या घालून, फोडशी एकदा साधी आणि एकदा जवळा घालून, उडदाची आमटी, भात. शेवळांची भाजी मी आयुष्यात खाल्लेली सगळ्यात चांगली, शहरात ती मसाल्यात बुडवतात, इथे तेल, लसूण, मिरची आणि काकड एवढंच, आणि शेवळाला स्वतःची अशी एक मातकट, मांसल चव आहे ती लागली. घशाला काही नाही, अजिबात. भारंगीचा कडवटपणा राहिलाच होता थोडा आणि वालानं तो सावरला. फोडशी मला जवळा घातलेलीच आवडली, साधी जरा चोथट वाटली. शाकाहारी लोकांसाठी वेगळं भांडं आणि वेगळा डाव होता, हे न सांगता केलेलं होतं. भाकरी गरम, मागाल तेवढी. ज्यांनी यातलं कधीच काही खाल्लेलं नाही त्यांनी पहिल्यांदा थोडं थोडं घ्या, एकदम चार नव्या भाज्या पोटात गेल्या की काहींना जड पडतं, गटातल्या बायकासुद्धा हेच सांगतात.

जेवताना कडू कंदाचा विषय निघाला. तो काळ पावसाळ्यानंतरचा, त्यामुळे बघायला नाही मिळाला, पण रीत सांगितली, काप करायचे, राखेच्या पाण्यात उकडायचे, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचे, तेव्हा कडूपणा जातो. धान्य संपायच्या दिवसात ह्यावर माणसं तगलीत. आजींना हे सांगताना कौतुक वगैरे नव्हतं, त्यांनी ती भूक बघितलीय. आमच्यातलं कोणीतरी "वॉव, सुपरफूड" म्हणालं आणि एकदम शांतता झाली. जाणाऱ्यांनी एवढं भान ठेवावं ही विनंती.

आता तक्रारी, आणि त्या मी तिथेही बोलून आलेय. पहिली आणि मोठी तक्रार गटाबद्दल नाही, बुकिंग घेणाऱ्या मध्यस्थाबद्दल आहे. त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये लिहिलं होतं की शंभर औषधी वनस्पतींची माहिती, डायबेटीस, सांधेदुखी, कॅन्सरवर रामबाण उपाय. प्रत्यक्षात आजींनी असा एकही दावा केला नाही. पण फेरी संपल्यावर त्या माणसानं स्वतःची टेबलं मांडली आणि गुळवेल चूर्ण, शुगर चूर्ण असल्या पुड्या विकायला सुरुवात केली, पाकिटावर कोणी बनवलं, कधी बनवलं काही नाही. हे चुकीचं आहे. गुळवेलीवरून २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले पेशंट नोंदवले होते, आयुष मंत्रालयानं त्यावर म्हटलं की सारखी दिसणारी दुसरी वेल खाल्ली गेली असू शकते. वाद काहीही असो, चूर्ण झाल्यावर वेल कोणती होती हे कोण सांगणार? सकाळीच आम्ही गुळवेल बघितली होती, बदामी पान, खोडावरचा कागदासारखा पापुद्रा सोलला की खाली हिरवं, आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी, आणि झाडावरून लोंबणारी दोऱ्यांसारखी मुळं, एवढ्या खुणा दाखवूनही आजी म्हणाल्या की वैद्याला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. त्यांच्या एवढ्या जबाबदार बोलण्यावर ह्या माणसाच्या पुड्यांनी पाणी ओतलं. गटातल्या ताईंना मी बाजूला घेऊन सांगितलं, त्याही वैतागलेल्याच होत्या, पण शहरातली माणसं तोच आणतो ही अडचण. म्हणूनच वर लिहिलंय की थेट मावश्यांना विचारा. थेट बुकिंग केलं तर सहाशेतले सहाशे गटाला जातात, मध्यस्थामार्फत गेलात तर तो त्यातले दोनशे ठेवतो, हे ताईंनीच सांगितलं.

दुसरी तक्रार, माणसं फार होती. तीसच्या आसपास. मागच्यांना आजींचा आवाज येत नव्हता आणि बांध तेवढा रुंद नसतो, दोन ठिकाणी लोक राबात उतरले, रोपं तुडवली. दहा-बाराच्या वर नकोत. टॉयलेट एकच आहे, अंगणवाडीचं, स्वच्छ होतं पण रांग लागते. पावसाळी बूट किंवा पट्ट्याचे सँडल घाला, चपला चिखलात राहतात. लहान मुलांना न्यायचं असेल तर नक्की न्या, पण हात धरून, आणि घरी आल्यावर त्यांनी सोसायटीच्या बागेतलं काही खुडून तोंडात घालू नये हे आधीच बजावा.

ह्याच पैशात किंवा जास्तीत मी एका रिसॉर्टच्या वॉकलाही गेलेय, तिथला गाइड शिकलेला होता, शास्त्रीय नावं तोंडपाठ, माहिती बरोबरच होती, पण झाडं सगळी कुंड्यांत आणि वाफ्यांत, पाट्या लावलेली. शास्त्रीय नावं पाहिजेत तर तिथे जा, अभ्यास करणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. इथे पाटी नाही, आणि आजी एखाद्या झाडाचं जे नाव सांगतात ते पलीकडच्या तालुक्यात वेगळं असू शकतं, तेव्हा फोटो काढून नंतर ताडून घ्या. पण झाड कुठे उभं आहे, कशाच्या सावलीत, कोणत्या नक्षत्रात काय खुडायचं, काय सोडायचं, कशाबरोबर शिजवायचं, हे मला फक्त इथे मिळालं.

कधी जावं, तर काय बघायचंय त्यावर. शेवळं पाहिजेत तर जूनअखेर, जुलै उजाडला की संपत येतात. जुलै-ऑगस्टला करटोली, कुर्डू, दिंडा, बांबूचे कोंब. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात तेव्हा गटातल्या बायका तिकडे गेलेल्या असतात, आधी फोन करून घ्या. लावणीच्या ऐन दिवसांत फेरी बंद असते, शेत आधी, पाहुणे नंतर, आणि ते योग्यच आहे. घरी न्यायला भाजी मिळते, वाटा तीस-चाळीस रुपये, घासाघीस करू नका. कापडी पिशवी न्या, आणि शेवळं घेतलीत तर काकडं मागून घ्या, गडबडीत द्यायची राहून जातात.